अंगावरून पांढरं जाणं : इतकं कॉमन असून तपासणी का होत नाही?

जाई_वर्धा

बऱ्याच दिवसांपासून हा धागा काढायचा होता. इथे आरोग्य विभागात पीसीओडी, थायरॉइड, मेनोपॉज सगळ्यावर भरभरून बोललं जातं, पण खालच्या इन्फेक्शनवर कुणी उघड लिहीत नाही आणि मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) मात्र त्याचेच येतात. मी डॉक्टर नाही, सरकारी दवाखान्यात समुपदेशक आहे, सुरक्षा क्लिनिकला, म्हणजे जननमार्गाच्या इन्फेक्शनसाठी आणि गुप्तरोगासाठी असलेल्या क्लिनिकला. टेबलासमोर बसलेली बाई कंबरदुखी सांगते, अशक्तपणा सांगते, भूक लागत नाही म्हणते आणि उठता उठता हळूच "अंगावरून पण जातंय पांढरं" असं म्हणते, तेही दाराकडे बघत. खरं तर ती त्यासाठीच आलेली असते.

तर मला एवढंच सांगायचंय की हे होणं अगदी सर्रास आहे, यात बाईची चूक नाही की तिच्या चारित्र्याचा संबंध नाही, पण काय झालंय हे नुसत्या लक्षणावरून ओळखता येत नाही, तपासावं लागतं. आणि तपासणीच होत नाही.

गडचिरोलीचं काम तुम्हाला माहीत असेल. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या, नुसते प्रश्न विचारून नाही तर प्रत्यक्ष आतून तपासणी आणि लॅबसकट. १९८९ साली ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही आजार निघाला, एकेकीला सरासरी ३.६ आजार, त्यात साधारण निम्मा वाटा इन्फेक्शनचा. आणि याआधी अशी तपासणी झालेल्या बायका किती, तर फक्त ८ टक्के. मला ९२ पेक्षा हा ८ चा आकडा जास्त लागतो. आणखी एक, तपासलेल्या सगळ्या बायकांपैकी ५५ टक्क्यांनीच तक्रार सांगितली होती, बाकीच्यांची काही तक्रारच नव्हती.

जगभराचं बघायचं तर जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मूल होण्याच्या वयातल्या २३ ते २९ टक्के बायकांना बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे बीव्ही असतं. यीस्टचं म्हणजे कँडिडाचं इन्फेक्शन चारातल्या तिघींना आयुष्यात एकदा तरी होतं. तिसरं ट्रायकोमोनास, हा परजीवी, संबंधातून पसरतो, २०२० या एका वर्षात जगात स्त्री-पुरुष मिळून त्याच्या १५ कोटींच्या वर नव्या लागणी झाल्या असा अंदाज आहे.

विचारा काय विचारायचं ते. नाव नको असेल तर व्यनि करा, उत्तर इथे देईन म्हणजे बाकीच्यांनाही उपयोग होईल.

मृण्मयी_पुणे

जाईताई थँक्यू, खरंच गरज होती. माझं सांगते. मला तीन-चार महिन्यांनी तेच व्हायचं, खाज, आग, लघवीला बसलं की झोंबायचं. मेडिकलवाल्या दादांना सांगायची लाज म्हणून मैत्रिणीने दिलेली क्रीम वापरायचे, मग गोळी, चार दिवस बरं वाटायचं की परत सुरू. शेवटी एक डॉक्टर भेटल्या त्यांनी आधी क्रीमची ट्यूब दाखव म्हणाल्या, त्यात अँटिफंगल सोबत स्टेरॉइड होतं. आणि मग त्यांनी शुगर करायला सांगितली, मला वाटलं काय संबंध, तर एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर, ८ च्या वर. मला डायबेटिस आहे हे मला या खाजेमुळे कळलं, माझं वय तेव्हा ३४. शुगर आटोक्यात आल्यावर इन्फेक्शनही थांबलं.

जाई_वर्धा

मृण्मयी, हे तू लिहिलंस ते फार बरं झालं. वारंवार कँडिडा, म्हणजे वर्षात तीन किंवा जास्त वेळा, होत असेल तर शुगर बघायलाच हवी. रक्तात साखर वाढली की यीस्टचं फावतं. आणि ती स्टेरॉइडवाली मिक्स क्रीम, त्याने खाज लगेच थांबते म्हणून बायकांना वाटतं गुण आला, आत बुरशी वाढतच असते. वारंवारच्या कँडिडाला सहा महिने आठवड्याला एक गोळी असा कोर्स असतो, पण तो डॉक्टरच्या देखरेखीखाली, मनाने नाही.

दुर्बीण

धागा चांगला आहे पण एक शंका. ९२ टक्के जणींना आजार असेल तर मग आजार कशाला म्हणायचं? उद्या सगळ्या बायका घाबरून दवाखान्यात जातील आणि प्रत्येकीला गोळ्या मिळतील. शरीराचा नैसर्गिक स्राव असतोच की.

जाई_वर्धा

अगदी योग्य शंका आहे. त्या ९२ टक्क्यांत सगळ्या प्रकारचे स्त्रीरोग आहेत, पाळीच्या तक्रारी वगैरे धरून, नुसतं इन्फेक्शन नाही. आणि दुसरं टोकही मोजलं गेलंय, ते गोव्यात. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या टीमने तिथे १८ ते ५० वयाच्या अडीच हजारांच्या आसपास बायकांचा अभ्यास केला. साधारण २८ टक्क्यांना जननमार्गाचं काही इन्फेक्शन निघालं, त्यात बीव्ही सगळ्यात जास्त, मग कँडिडा, संबंधातून लागणारे आजार त्या मानाने खूप कमी. पण पांढरं जाण्याची तक्रार करणाऱ्या, ज्या साधारण १४-१५ टक्के होत्या, त्यांच्या तक्रारीचा संबंध इन्फेक्शनपेक्षा मनावरचा ताण, नैराश्य, घरातला त्रास यांच्याशी जास्त जुळला.

म्हणजे बघा, ज्यांना इन्फेक्शन आहे त्यातल्या कितीतरी बोलत नाहीत आणि ज्या बोलतात त्यातल्या कितीतरींना इन्फेक्शन नसतं, काहीतरी वेगळंच सांगायचं असतं. आपल्याकडे पांढरं जाणं म्हणजे शरीरातली ताकद वाहून जाणं अशी समजूत आहे, त्यामुळे थकलेली, मार खाणारी, न झोपलेली बाई तेच शब्द वापरते कारण तेवढेच शब्द डॉक्टरसमोर चालतात. म्हणूनच मी म्हणते तपासा. गोळ्या देण्यासाठी नाही, काय आहे ते कळण्यासाठी.

नैसर्गिक स्रावाचं म्हणाल तर हो, पाळीच्या मध्यावर पारदर्शक, तार धरणारं जातं, पाळी जवळ आली की दाट पांढरट होतं, गरोदरपणात वाढतं. वास नाही, खाज नाही, आग नाही, तर काळजी नाही. बीव्ही सुद्धा असलं पण त्रास नाही आणि गरोदर नाही तर बरेचदा औषध लागत नाही.

लॅबवाली

मी मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. तपासणी म्हणजे फार काही मोठं असतं असं लोकांना वाटतं, म्हणून काय करतो ते सांगते. कापसाच्या काडीवर स्राव घेतात, काचेवर सलाइनचा एक थेंब टाकून त्यात तो मिसळायचा, वर कव्हरस्लिप, आणि लगेच मायक्रोस्कोप. लगेच यासाठी की ट्रायकोमोनास जिवंत असेल तर झटके देत हलताना दिसतो, स्लाइड थंड झाली की हलायचा थांबतो आणि मग तो पांढऱ्या पेशींच्या गर्दीत ओळखू येत नाही. थंडीत सकाळची सॅम्पल्स म्हणून मी आली की आधी बघते. बीव्ही असेल तर योनीच्या पेशी दिसतात ना त्यांच्या कडा स्वच्छ रेषेत नसतात, सगळ्या कडेला जंतू चिकटून ती कड पुसल्यासारखी होते, त्याला क्लू सेल म्हणतात. मग त्याच स्रावावर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की माशासारखा वास येतो, आणि यीस्टचे धागेही त्या थेंबात नीट दिसतात. पीएचची म्हणजे आंबटपणा मोजायची पट्टी लावायची, ४.५ च्या वर गेली (म्हणजे आंबटपणा कमी झाला) का बघायची. स्राव पातळ आणि एकसारखा, क्लू सेल, वास, पीएच, या चारातल्या तीन गोष्टी जुळल्या की बीव्ही. १९८३ सालचे निकष आहेत हे, अजून चालतात, आणि सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटांचं काम.

आणि एवढं साधं असून तालुक्याच्या ठिकाणी होत नाही याचं मला फार वाईट वाटतं. मायक्रोस्कोप असतो, थुंकीच्या तपासणीला वापरतातच की.

आजोळ

मुलींनो, माझं वय ६८, आमच्या वेळी कुठली आली लॅब. तुरटीच्या पाण्याने धुवायचो, त्रिफळ्याचा काढा, बाळंतपणात शेक-शेगडी धुरी. काही झालं नाही आम्हाला. आता सगळ्यालाच औषध लागतं. तुरटी-कडुलिंब वापरून बघा, स्वस्त आणि घरचं.

जाई_वर्धा

काकू, तुमच्या पिढीत तक्रार सांगायची सोयच नव्हती हो, गडचिरोलीच्या त्या आकड्यात तुमच्याच वयाच्या बायका आहेत. धुण्याबद्दल मात्र मला स्पष्ट सांगायलाच हवं. योनीत लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जंतू मुक्कामाला असतात, ते लॅक्टिक ॲसिड बनवतात, त्यामुळे तिथला पीएच ३.८ ते ४.५ एवढा आंबट राहतो आणि बाकीच्यांना थारा मिळत नाही, दही विरजल्यावर लवकर नासत नाही तसंच. आतून तुरटी, डेटॉल, सॅव्हलॉन, साबण, ते जाहिरातीतले सुगंधी वॉश, काहीही घातलं की हे राखणदारच धुऊन जातात. आतून धुणाऱ्या बायकांमध्ये बीव्ही जास्त दिसतं. बाहेरून साध्या पाण्याने धुवा, आत बोट घालून धुवायचं नाही. मला सगळ्यात जास्त राग या जाहिरातींचा येतो, आधी बाईला सांगायचं तुला वास येतो, मग बाटली विकायची.

आजोळ

बरं. आतून नको हे सुनेला सांगते, तिला तीच सवय आहे.

बालाघाट

मी बीड जिल्ह्यातला, पुरुष आहे, लिहावं की नाही कळत नव्हतं पण लिहितोच. आमच्याकडं पांढरं जातंय म्हणून बाई दवाखान्यात गेली की सोनोग्राफी करायची आणि पिशवीला सूज आहे, कॅन्सर होईल, काढून टाका असं सांगायचं. माझ्या चुलतीला हेच सांगितलं, तीस वर्षाची नव्हती, दोन लेकरं झाली होती, ऊसतोडीची उचल घेतलेली, आणि ऑपरेशनला परत कर्ज. फडावर ना संडास ना आंघोळीला आडोसा, पहाटे कोयता धरायचा ते रात्री मोळ्या गाडीत भरेपर्यंत, पाळीतलं कापड दिवसभर बदलायला मिळत नाही, खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो. मग इन्फेक्शन होणार नाही तर काय. २०१९ ला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारची समिती नेमली होती, त्यात जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली, १३ हजार ८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली.

चुलतीचं आता कंबर-गुडघे सगळं धरलंय आणि पांढरं जायचं ते जातंच. पिशवी काढल्यावर कसं काय जातंय हे आम्हाला कुणी सांगितलं नाही.

जाई_वर्धा

दादा, तुम्ही लिहिलंत हे फार मोलाचं आहे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की बीव्ही, कँडिडा, ट्रायकोमोनास हे योनीमार्गात होतात, गर्भाशय काढलं तरी योनी जागेवरच असते, म्हणून आजारही तिथेच राहतो. शिवाय पिशवीबरोबर अंडाशयही काढले असतील तर इस्ट्रोजेन बंद होतं, पाळी जाण्याचं वय तिशीतच येतं, हाडं ठिसूळ होतात, योनीतले ते चांगले जंतूही कमी होतात, कोरडेपणा, आग सुरू होते. चुलतीबाईंना पुन्हा दाखवा, अंडाशय ठेवलेत की काढलेत ते डिस्चार्ज कार्डवर लिहिलेलं असतं, ते कार्ड शोधून घेऊन जा.

आणि इथे वाचणाऱ्या सगळ्यांना, योनीमार्गाच्या साध्या इन्फेक्शनने कॅन्सर होत नाही. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर एचपीव्ही विषाणूमुळे होतो, त्याची तपासणी वेगळी. नुसतं पांढरं जातंय म्हणून कुणी पिशवी काढायला सांगितली तर तिथून उठा आणि दुसरीकडे दाखवा. सात दिवसांच्या गोळ्यांनी बरं होणाऱ्या आजारावर बाईचं गर्भाशय काढून घेतलं जातं, आणि तेही जिला मजुरीचा एक दिवस बुडवणं परवडत नाही तिचं. यावर जेवढं बोलू तेवढं कमीच.

कृष्णाकाठ

नवऱ्याला पण औषध द्यायचं असतं का? आमच्या डॉक्टर काही बोलल्या नाहीत, बीव्ही सांगितलं, मेट्रोनिडाझोल सात दिवस, बरं वाटलं, दोन महिन्यांनी परत तेच. घरात सासूबाई म्हणतात स्वच्छता पाळत नसेल, आणि नवरा वेगळाच संशय घेतो, बोलत नाही पण कळतं ना.

यारा_किनारा

मी मेलबर्नला असते, नर्सिंगमध्ये आहे, याचं उत्तर मी देऊ का. बीव्ही परत होणं फार कॉमन आहे, औषध घेऊनही निम्म्याहून जास्त जणींना वर्षभरात परत होतं, त्याचा तुमच्या स्वच्छतेशी काही संबंध नाही. आत्तापर्यंत जोडीदाराला औषध देत नव्हते कारण जुन्या अभ्यासांत फायदा दिसला नव्हता. पण मार्च २०२५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये इथल्या टीमचा अभ्यास आला, १६४ जोडपी होती, कायम एकच जोडीदार असलेली. निम्म्या जोडप्यांत फक्त बाईला औषध, निम्म्यांत पुरुषाला पण, त्याला सात दिवस मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या आणि सोबत क्लिंडामायसिन क्रीम लावायला. बारा आठवड्यांत फक्त बाईला औषध दिलं तिथे ६३ टक्के जणींना परत झालं, दोघांना दिलं तिथे ३५ टक्के. इतका फरक दिसल्यावर अभ्यास मधेच थांबवला. पुरुषाला काही त्रास नसतो, लक्षण नसतं, तरी जंतू त्याच्याकडे असतात.

जाई_वर्धा

यारा, थँक्यू, हे इथे यायलाच हवं होतं. कृष्णाकाठ, हे तुमच्या डॉक्टरांना जरूर विचारा. थोडक्यात असं की ट्रायकोमोनास असेल तर जोडीदाराला औषध द्यायलाच लागतं, नाहीतर पुन्हा लागण होणारच, कँडिडात सहसा गरज नसते, आणि बीव्हीत आता हा नवा विचार आहे. औषध चालू असताना संबंध नको किंवा कंडोम हवा.

संशयाबद्दल. बीव्ही किंवा कँडिडा निघालं म्हणजे बाई बाहेर गेली असा अर्थ अजिबात होत नाही, हे नवऱ्याला डॉक्टरसमोर बसवून ऐकवा. मी क्लिनिकला अशी जोडपी बसवते, पुरुष ऐकतात हो, त्यांना आधी कुणी सांगितलेलंच नसतं. "स्वच्छता पाळत नाही" हे वाक्य तर मी रोज पुसून काढते. बाई आधीच लाजेने तीनदा धुतेय आणि त्यानेच वाढतंय.

दुर्बीण

मग सरकारीत नक्की काय देतात? मी ऐकलंय की तपासत नाहीत, रंगीत पाकीट देतात.

जाई_वर्धा

बरोबर ऐकलंय. लॅब नसेल तिथे लक्षणावरून उपचार करायची पद्धत आहे, औषधांची रंगीत किट असतात. योनीस्रावाला हिरवं किट, त्यात सेक्निडाझोल २ ग्रॅम आणि फ्लुकोनाझोल १५० ची एक, म्हणजे तिन्ही आजार एकदम झाकले जातात. जिथे काहीच नाही तिथे हे मोठं काम करतं, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण किट देण्याआधी स्पेक्युलमने (आतून बघायच्या उपकरणाने) बघायला हवं, पोट दुखतंय का, ताप आहे का विचारायला हवं, कारण इन्फेक्शन वर गर्भाशयाच्या नळ्यांपर्यंत गेलं असेल तर किट वेगळं, पिवळं. गर्दीत ते बघणं राहतं. आणि गोव्याचं वर सांगितलं ना, जिला इन्फेक्शनच नाही तीही पाकीट घेऊन जाते.

गरोदर असाल तर आधीच सांगा, तोंडाने घ्यायची फ्लुकोनाझोल तेव्हा टाळतात, योनीत ठेवायच्या क्लोट्रिमाझोलच्या गोळ्या देतात. गरोदरपणात बीव्हीकडे दुर्लक्ष करू नका, दिवस भरायच्या आधी बाळंतपण होण्याशी त्याचा संबंध दिसलाय. बीव्ही असताना एचआयव्ही लागायची शक्यताही वाढते.

प्रश्नचिन्ह२२

ताई मी हॉस्टेलला असते नागपूरला. लग्न झालेलं नाही, तसलं काही केलेलं पण नाही. अँटिबायोटिकचा कोर्स झाला टॉन्सिलसाठी आणि नंतर खूप खाज, दह्याच्या चोथ्यासारखं जातंय. एका डॉक्टरकडे गेले तर त्यांनी आधी विचारलं लग्न झालंय का, नाही म्हणलं तर मग हे कसं झालं असं म्हणाल्या सगळ्यांसमोर. मी रडत परत आले. आईला सांगू शकत नाही. हे असं होतं का न करता पण?

जाई_वर्धा

होतं गं बाळा. अँटिबायोटिकने टॉन्सिलच्या जंतूंबरोबर योनीतले चांगले जंतूही मेले, यीस्टला मोकळं रान मिळालं, तू सांगतेस ते अगदी त्याचंच वर्णन आहे. तू काही केलेलं नाहीस आणि केलं असतंस तरी कुणाला तुझ्याशी असं बोलायचा हक्क नव्हता. मेडिकल कॉलेजच्या त्वचा आणि गुप्तरोग ओपीडीत किंवा स्त्रीरोग ओपीडीत जा, समुपदेशक असतो, त्याला आधी भेट, बंद खोलीत बोलायला मिळतं. आधी कुणाशी तरी बोलावंसं वाटलं तर १०९७ ही फुकट हेल्पलाइन आहे, नाव सांगावं लागत नाही.

लॅबवाली

प्रश्नचिन्ह, आत उपकरण घालायची गरज नाही, "स्पेक्युलम नको, बाहेरून स्वॅब घ्या" असं सरळ म्हण. काडी स्वतः आत थोडीशी फिरवून पण देता येते, ते सॅम्पल चांगलं येतं. जायच्या आधी दोन दिवस काही क्रीम, गोळी, वॉश लावू नकोस आणि पाळी चालू असताना नको.

प्रश्नचिन्ह२२

क्रीम काल लावली होती थोडी. मग परवा गेले तर चालेल का? आणि केसपेपरवर काय सांगायचं खिडकीवर, तिथे मोठ्याने विचारतात.

जाई_वर्धा

परवा चालेल, आता काही लावू नकोस. खिडकीवर नुसतं "स्किन" म्हण, एवढंच पुरतं, बाकीचं आत गेल्यावर. सकाळी लवकर जा, दहानंतर रांग वाढते. मैत्रीण असेल तर सोबत ने. रिपोर्ट आला की व्यनि कर, मी आहे.